मदत हवी आहे : 'रोड रॅश'च्या नव्या भागासाठी कंपनीला पत्र लिहायचे आहे, मागणी नेमकी काय करावी?

बार्देशकर

नमस्कार मंडळी,

मोटारसायकल शर्यतीचा 'रोड रॅश' हा खेळ ज्यांनी एकेकाळी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळला आहे, त्यांच्याकडून मला थोडी मदत हवी आहे. म्हापसा आणि डिचोली भागातील आम्ही काही जुने मित्र या खेळाचा नवा भाग काढावा, अशी विनंती करणारे पत्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीला पाठवण्याच्या विचारात आहोत. चवथीला सगळे गावी आले असताना हा विषय निघाला, आरत्या आटोपल्यावर रात्री उशिरापर्यंत चालला आणि मसुदा करण्याचे काम, मी शुद्धलेखन सांभाळतो या एकाच गुणावर, माझ्या गळ्यात पडले. पत्र इंग्रजीत जाणार आहे, ही गोष्ट त्या वेळी कोणीच लक्षात घेतली नाही.

अडचण अशी की 'नवा भाग काढा' एवढे एक वाक्य लिहून झाल्यावर पुढे काय लिहायचे, यावर आमच्यात एकमत नाही. कोणाला आजच्या तंत्राची झगमगीत दृश्ये हवी आहेत, कोणाला इंटरनेटवरून एकमेकांशी शर्यत लावायची आहे, आणि आमच्यातला गॅरेज चालवणारा मित्र म्हणतो की नवीन काही नको, जुनाच खेळ नव्या संगणकावर चालेल असा करून द्या.

मालिकेची माहिती बहुतेकांना असेलच, तरी संदर्भासाठी थोडक्यात सांगतो. पहिला 'रोड रॅश' १९९१ साली सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी आला आणि त्याच यंत्रावर पुढचे दोन भागही आले. आपल्याकडे जो घरोघरी पोहोचला तो मात्र यातला नव्हे. तो १९९४ साली थ्रीडीओ या यंत्रासाठी नव्याने बांधलेला आणि १९९६ साली विंडोजवर आलेला खेळ होता, ज्यात 'द सिटी', 'पेनिन्सुला', 'पॅसिफिक हायवे', 'सिएरा नेवाडा' आणि 'नापा व्हॅली' असे कॅलिफोर्नियातले पाच रस्ते होते. १९९९ साली निन्टेंडो ६४ साठी एक भाग आला, २००० साली प्लेस्टेशनसाठी 'जेलब्रेक' आला, २००३ साली त्याचीच छोटी आवृत्ती गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आली आणि तिथे मालिका थांबली.

माझ्या मते या खेळाचे मर्म वेगात नव्हतेच. त्याच्यापेक्षा वेगवान आणि देखणे खेळ त्या काळातही होते. इथे शेजारून चाललेला स्वार हा नुसता मागे टाकायचा अडथळा नसे. त्याला नाव होते, चेहरा होता आणि डूख धरण्याची सवय होती. तो लाठी उगारतो त्या क्षणी आपण नेमका ठोसा मारला तर ती लाठी त्याच्या हातून आपल्या हातात येते, आणि मग पुढच्या अर्ध्या मैलात सगळे हिशेब बदलतात. क्षणभर उशीर झाला तर लाठी पाठीत बसते, गाडी समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळते आणि आपला स्वार हवेतून कोलांट्या खात दूर जाऊन पडतो. त्यानंतर त्याला उठून, रस्त्यावरून धावत, स्वतःच्या गाडीपर्यंत पायी जावे लागते. इतर शर्यतींत गाडी झटकन रस्त्यावर परत ठेवली जाते. इथे तो पायी जाण्याचा वेळ पूर्ण भोगावा लागे, आणि तेवढ्यात मागचे सगळे आपल्याला ओलांडून जात. दोन शर्यतींच्या मध्ये 'डेर पँझर क्लब' नावाच्या अड्ड्यावर जाऊन त्याच मंडळींशी गप्पा मारता येत, जिंकलेल्या पैशांतून दुकानातून नवी गाडी घेता येई, आणि पोलिसाने पकडले तर दंड त्याच पैशांतून जाई. नव्या भागात हे नसेल तर नाव 'रोड रॅश' ठेवून उपयोग काय?

तेव्हा जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा पत्राला कंपनीच्या लेखी काही किंमत असते का, आणि असेल तर मागणी नव्या भागाची करावी की जुन्याच्या पुनर्प्रकाशनाची? तोवर खेळण्यासारखे, याच जातीचे दुसरे काही आहे का? आणि शेवटचे, माझ्याकडे त्या काळची मूळ सीडी आहे. ती विंडोज ११ असलेल्या संगणकावर चालत नाही आणि तिच्यावर पांढुरके डाग पडले आहेत. त्याचे काय करावे?

फोंडेकर_९६

बार्देशकर, पत्र जरूर लिहा, पण ते पाठवण्यापूर्वी एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. मोठ्या खेळकंपन्या बाहेरून आलेल्या नव्या खेळाच्या कल्पना सहसा वाचतच नाहीत. उद्या त्यांनी स्वतः तसाच खेळ काढला आणि पत्रलेखकाने 'ही कल्पना माझी' असा दावा लावला तर नसती कटकट नको, म्हणून असे पत्र न वाचता बाजूला ठेवण्याचीच त्यांची पद्धत असते. त्यामुळे नव्या भागात कोणते रस्ते असावेत आणि कोणती हत्यारे असावीत याची आराखडावजा यादी पत्रात घालू नका. तुमच्या धाग्यात लिहिलेला लाठी हिसकावण्याचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा घाला. ती नवी कल्पना नाही, त्यांच्याच खेळाची आठवण आहे.

चाहत्यांच्या रेट्याला किंमत असते का, या प्रश्नाचे उत्तर याच कंपनीच्या 'स्केट' या मालिकेत आहे. तिसरा भाग २०१० साली आला, पुढे काहीच नाही, आणि चाहते वर्षानुवर्षे कंपनीच्या प्रत्येक घोषणेखाली 'स्केट ४' एवढेच लिहीत राहिले. अखेर जून २०२० मध्ये कंपनीने नवा खेळ जाहीर केला आणि त्याचे श्रेय उघडपणे त्या प्रतिक्रियांना दिले. पुढचे मात्र नीट वाचा. तो खेळ लोकांच्या हाती अर्ली अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे काम पुरे होण्याआधीच खेळायला दिलेल्या, रूपाने पडला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि तो फुकट असला तरी इंटरनेटच्या जोडणीशिवाय चालत नाही, आत पैसे खर्च करण्याची दुकाने आहेत, आणि मागणी करणाऱ्यांतलेच बरेच जुने चाहते आता त्याच्यावर नाराज आहेत. सांगायचा मुद्दा हा की 'नवा भाग हवा' एवढेच मागितले तर कंपनीला परवडेल तसा नवा भाग मिळतो.

म्हणून माझा कौल तुमच्या गॅरेजवाल्या मित्राला. आधी पुनर्प्रकाशन मागा. तेही सोपे नाही, आणि त्याचे कारण आपण ज्या आवृत्तीवर जीव टाकतो तिच्यातच दडलेले आहे. १९९४ नंतरच्या त्या आवृत्तीत ए अँड एम रेकॉर्ड्सच्या बँडची खरी गाणी वापरली होती : साउंडगार्डन, मॉन्स्टर मॅग्नेट, स्वर्व्हड्रायव्हर, पॉ वगैरे. अशा गाण्यांचे परवाने बहुधा ठरावीक मुदतीचे असतात. २००८ साली आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'मधून दहा वर्षांनी, २०१८ साली, मुदत संपलेली कितीतरी गाणी काढून टाकावी लागली होती, हे आठवत असेल. याउलट मेगा ड्राइव्हवरच्या पहिल्या 'रोड रॅश'चे संगीत रॉब हबर्ड आणि मायकल बार्टलो यांनी त्या खेळासाठीच रचलेले होते. ईएने २००६ साली पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी 'ईए रिप्ले' नावाचा जुन्या खेळांचा संच काढला, त्यात मेगा ड्राइव्हचे तिन्ही 'रोड रॅश' होते. गाण्यांची आवृत्ती नव्हती. यामागे गाण्यांचेच कारण असावे, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा पत्रात स्पष्ट लिहा की गाणी नसली तरी चालतील. हे लिहिताना हात जड होईल, माझाही होतो, पण कंपनीच्या वकिलांचे निम्मे काम त्या एका वाक्याने हलके होते. जुने खेळ विकणाऱ्या गॉग या संकेतस्थळावर ईएचे अनेक जुने खेळ आधीपासून आहेत, आणि २०२५ पासून तिथे 'ड्रीमलिस्ट' नावाची सोय आहे, जिथे कोणते जुने खेळ परत आणावेत यासाठी कोणालाही मत नोंदवता येते. पत्रावर सह्या गोळा करण्यापेक्षा तुमच्या सगळ्या मित्रांना तिथे मत द्यायला लावा. पत्र एका टेबलावर पडून राहते. तिथली मते सगळ्यांना दिसतात.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि दोन गुंतवणूक कंपन्या मिळून सुमारे ५५ अब्ज डॉलरला ईए विकत घेणार असल्याचे जाहीर झाले. मालकी बदलते तेव्हा जुनी कपाटे उघडली जातात, किंवा कायमची बंद केली जातात. पत्र पाठवायचेच असेल तर रेंगाळू नका.

सत्तरीची_वाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'रोड रिडेम्प्शन'. लोकांकडून पैसे उभारण्याची मोहीम २०१३ साली झाली, ऑक्टोबर २०१७ मध्ये पूर्ण खेळ आला, आणि करणाऱ्यांनी 'रोड रॅश'चा वारसा उघडपणे सांगितला आहे. चालत्या गाडीवरून लाथ, लाठी, हत्यार हिसकावणे, सगळे आहे. एकाच पडद्यावर चौघांना खेळता येते, त्यामुळे पुढच्या चवथीची सोय झाली असे समजा. नावडलेली गोष्ट सांगायची तर तलवारी आणि बंदुका अती झाल्या आहेत. बंदूक आली की शेजाऱ्याशी गाडी भिडवण्याचे कारणच उरत नाही. शिवाय मेलात की मोहीम पहिल्यापासून, फक्त कमावलेली कौशल्ये सोबत राहतात. मला ते आवडले, माझ्या भावाने वैतागून सोडून दिले.

मांडवीकाठ

मी जरा वेगळे मत मांडते, राग मानू नये. माझा मुलगा अकरावीत आहे आणि नुकताच गिअरच्या गाडीचा हट्ट धरून बसला आहे. पणजी ते फोंडा रस्त्यावर रोज जे पाहते, ते पाहून, शेजारच्या दुचाकीस्वाराला लाथ मारण्यात मौज असलेला खेळ पुन्हा बाजारात यावा म्हणून मोठ्या माणसांनी पत्रे लिहावीत, हे मला विचित्र वाटते. तुमच्या आठवणी खऱ्या असतील, पण तुम्ही तो खेळलात तेव्हा तुमच्याकडे सायकल होती.

बार्देशकर

मांडवीकाठ, राग कसला, मुद्दा अगदी रास्त आहे, आणि आमच्यातल्या दोघांच्या घरीही तो निघाला आहे. माझे म्हणणे एवढेच की या खेळात पडण्याला किंमत होती. गाडी मोडली की दुरुस्तीचे पैसे जात, पैसे संपले की खेळ संपे, आणि ते पायी धावत जाणे तर मी वर लिहिलेच आहे. वेगाने गाडी हाकूनही काही बिघडत नाही असे शिकवणारे खेळ आज मुलांच्या मोबाइलवर आहेत, त्यांची मला जास्त भीती वाटते. तरीही पत्रात लहान मुलांसाठी म्हणून ही मागणी करू नये, ही तुमची सूचना मी अशी घेतो की आम्ही चाळिशीच्या आसपासचे लोक आहोत आणि आमच्यासाठी मागतो आहोत, हे पहिल्याच परिच्छेदात लिहीन.

फोंडेकर, तुमच्यामुळे मसुद्यातले एक आख्खे पान गेले. त्यात चोर्ला घाट आणि अनमोड घाट हे दोन रस्ते सविस्तर सुचवले होते, कारण तिसरा भाग ब्राझील, केनिया, जपान असा जगभर हिंडून आला आणि भारताच्या वाटेला गेला नाही, हे शल्य आमच्या मनात आहे. पान काढले आहे. शल्य आहे तिथेच आहे.

कुळागर

सीडीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या सीडींना बुरशी धरतेच, कॅसेटी आणि कॅमेऱ्याच्या भिंगांनाही धरते, तेव्हा घाबरू नका, पण घाईही करू नका. आधी सीडी दिव्यासमोर आडवी धरून पलीकडचा उजेड पाहा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे चमकली तर आतला चंदेरी थर गेला आहे आणि त्या जागची माहिती परत येणार नाही. छिद्रे नसतील आणि डाग फक्त खालच्या गुळगुळीत बाजूवर असतील तर ते निघतात. साध्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब घालून, मऊ सुती फडक्याने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसू नये, कारण माहिती गोलाकार लिहिलेली असते आणि त्या दिशेने पडलेला ओरखडा एकाच ठिकाणची बरीच माहिती घेऊन जातो. छापील बाजूला शक्यतो हात लावू नका. ती बाजू खालच्यापेक्षा नाजूक असते, कारण चंदेरी थर तिच्या लगेच खाली असतो.

पुसून, सावलीत पूर्ण वाळवून झाले की पहिले काम म्हणजे तिची संगणकावर हुबेहूब प्रत करून ठेवणे. त्या काळच्या खेळांच्या सीडीवर कधीकधी माहितीसोबत गाण्याचे वेगळे ट्रॅक असतात आणि नुसत्या आयएसओ प्रकारच्या प्रतीत ते येत नाहीत, म्हणून प्रत बिन-क्यू या दोन फाइलींच्या प्रकारात करा. जुना सीडी ड्राइव्ह सावकाश वेगावर ठेवला तर डागाळलेली सीडी अधिक चांगली वाचली जाते.

चालत नाही याचे कारण बहुधा असे असेल. विंडोज ९५च्या काळातल्या कित्येक सीडींवर खेळ ३२-बिटचा असला तरी तो बसवणारा सेटअप प्रोग्राम १६-बिटचा असे. ६४-बिट विंडोज असे १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते. म्हणून सेटअपवर कितीही वेळा टिचकी मारली तरी काही होणार नाही, आणि उजव्या टिचकीतली 'कम्पॅटिबिलिटी'ची सोयही इथे कामाची नाही. माझा सल्ला असा की खटपटी करत न बसता '८६बॉक्स' हा प्रोग्राम घ्या. तो त्या काळचा संपूर्ण संगणक, प्रोसेसर आणि ध्वनिकार्डासकट, तुमच्या संगणकात उभा करतो. त्यात विंडोज ९५ किंवा ९८ बसवायचे आणि मग सीडीची प्रत जोडायची. पहिल्यांदा एखादी संध्याकाळ जाईल.

इंटरनेटवर फिरणाऱ्या आयत्या प्रतींच्या वाटेला जाऊ नका. 'कंपनी विकत नाही म्हणजे फुकट' हा समज कायद्यात बसत नाही, आणि त्यातल्या कितीतरी प्रती चित्रफिती आणि गाणी काढून हलक्या केलेल्या असतात.

बार्देशकर

कुळागर, शतशः आभार. सीडी दिव्यासमोर धरून पाहिली. कडेला एकच बारीक छिद्र दिसते आहे, मधला भाग स्वच्छ आहे. पुसून वाळत घातली आहे. चित्रफिती असलेली प्रत आम्ही त्या काळी कधी पाहिलीच नव्हती, कारण कॅफेतल्या प्रतीत त्या नव्हत्या. गाडी मोडल्यावर किंवा पोलिसाने पकडल्यावर खऱ्या माणसांचे विनोदी प्रसंग दिसतात, हे मला सीडी घेतल्यानंतर कळले.

सगळ्यांच्या सूचना धरून पत्राचा गाभा असा केला आहे, इंग्रजी नंतर करीन :

"आम्ही गोव्यात राहणारे, आता प्रौढ झालेले, आपल्या खेळाचे जुने खेळाडू आहोत. १९९६ साली विंडोजसाठी आलेला 'रोड रॅश' आज कोठेही अधिकृतपणे विकत मिळत नाही. तो आजच्या संगणकावर चालेल अशा स्वरूपात पुन्हा विक्रीस ठेवावा, अशी आमची विनंती आहे. मूळ गाण्यांचे परवाने मिळणे शक्य नसेल तर गाण्यांविना निघालेली आवृत्तीही आम्ही पैसे देऊन घेऊ. पुढे कधी नवा भाग काढण्याचा विचार झाल्यास तो इंटरनेटच्या जोडणीशिवायही खेळता यावा, आणि शेजारच्या स्वाराचे वैर लक्षात ठेवणारी त्याची जुनी रीत कायम राहावी, एवढीच अपेक्षा."

याखाली लाठी हिसकावण्याचा परिच्छेद येईल. काही कमीजास्त असल्यास कृपया सांगावे.

फोंडेकर_९६

चांगले झाले आहे. दोन सूचना. 'पैसे देऊन घेऊ' हे वाक्य पत्राच्या शेवटी न ठेवता दुसऱ्याच ओळीत आणा. वाचणारा तिथपर्यंतच वाचेल असे धरून चाला. आणि 'पुढे कधी नवा भाग' हा भाग वेगळ्या परिच्छेदात टाका, म्हणजे त्यांच्या नियमामुळे तो वाचायचा नसेल तर तेवढाच सोडता येईल आणि वरची विनंती शाबूत राहील.

ड्रीमलिस्टवर मी माझे मत आजच नोंदवले. तिथे मतासोबत चार ओळी लिहायची सोय आहे. तिथेही तुमचा लाठीचा परिच्छेद चालेल, फक्त इंग्रजी करताना थोडा आटोपशीर करा.

सत्तरीची_वाट

इंग्रजी करायला मी मदत करतो, रविवारी मोकळा आहे. आणि बार्देशकर, ते चोर्ला घाटाचे काढून टाकलेले पान इथे वेगळ्या प्रतिसादात टाका. कंपनीला नको असले तरी आम्हाला वाचायचे आहे.